पीसीचं झाकण काढा आणि विजेच्या मागे चला

मी आयटीआयमध्ये 'कोपा' ट्रेडला शिकवते. कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, एका वर्षाचा कोर्स. येणाऱ्या बहुतेक मुलामुलींनी एमएस-सीआयटी केलेलं असतं. 'इनपुट, प्रोसेस, आउटपुट' ही आकृती त्यांना झोपेतून उठवलं तरी काढता येते. पण डबा उघडून समोर ठेवला आणि "यातला प्रोसेसर दाखव" म्हटलं की बोट पंख्यावर जातं. त्यात त्यांचा दोष नाही. प्रोसेसर दिसतच नाही, तो पंख्याखाली दडलेला असतो.

म्हणून भागांची नावं पाठ करून घेणं मला पटत नाही. मी एक जुना पीसी टेबलावर आडवा करते आणि सांगते, भिंतीतल्या प्लगपासून निघा. वीज कुठून आत येते आणि कुणाकुणाला मिळते, ही एक वाट. माहिती कुठून उचलली जाते आणि कुठे पोचते, ही दुसरी. या दोन वाटांनी बोट फिरवत गेलात की नावं जाता जाता कळतात, आणि उद्या मशीन रुसलं तर वाट कुठे तुटली तेही शोधता येतं. घरी कोपऱ्यात जुना डेस्कटॉप धूळ खात असेल तर तोच घ्या. लॅपटॉप मात्र यासाठी नको. त्यातले बरेच भाग बोर्डावरच सोल्डर केलेले असतात आणि प्लॅस्टिकच्या खाचा पहिल्याच फटक्यात तुटतात.

आमच्या लॅबमध्ये खोल-जोड करायला ठेवलेलं मशीन एका ऑफिसातून निकालात निघालेलं आहे. इंटेल कोअर आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडले जातात ती मोठी पाटी), ४ जीबी डीडीआर३ रॅमची एक पट्टी, ५०० जीबीची हार्डडिस्क. प्रोसेसर २०१३ सालचा. म्हातारं आहे, पण शिकायला याच्याइतकं सोयीचं मशीन नाही, कारण यातला प्रत्येक भाग सुटा होतो आणि चुकून काही बिघडलं तरी जीव हळहळत नाही.

उघडण्याआधी

शटडाउन करा, मागचा खटका बंद करा आणि केबल उपसून बाजूला ठेवा. खटका बंद केला म्हणजे झालं, असं समजू नका, केबल काढाच. मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाईल. आता कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. हिवाळ्यात मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच वीज बोटातून चिपमध्ये गेली तर चिप मरू शकते, आणि मरताना ती आवाजही करत नाही. सिंथेटिक ओढणी असेल तर बाजूला ठेवा. गालिचावर बसू नका, लाकडी टेबल चांगलं.

हत्यार एकच लागतं, मध्यम आकाराचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर. समोरून पाहिलं तर बहुतेक कॅबिनेटची डावी बाजू उघडायची असते. त्या बाजूचे मागचे दोन स्क्रू काढा आणि पत्रा मागे सरकवा. स्क्रू वाटीत ठेवा. आणि कुठलीही वायर काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून घ्या. समोरच्या बटणांच्या त्या बारीक वायरी परत लावताना हा फोटोच कामाला येतो.

विजेची वाट

जिथे केबल घुसते तिथे आतल्या बाजूला पत्र्याची एक पेटी आहे. वायरींचा अख्खा जुडगा तिच्यातूनच निघतो. हा एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करून देतो. ही पेटी उघडू नका. बाकी सगळं खोला, ही नको. आत २३० व्होल्टची एसी आधी डीसी होते आणि ती ३२५ व्होल्टच्या आसपास भरते. वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ती केबल काढल्यावरही काही काळ राहू शकते. जुन्या एसएमपीएसच्या मागे कधी कधी एक लाल सरकता खटका दिसतो, ११५ आणि २३० असं लिहिलेला. आपल्याकडे तो २३० वरच हवा. कुणी गमतीने ११५ वर सरकवला आणि मेन चालू केला, तर आवाज आणि वास दोन्ही येतात.

वायरींच्या रंगांकडे बघा. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. जांभळी गमतीची आहे: पीसी 'बंद' असतानाही तिच्यात ५ व्होल्ट असतात. म्हणूनच समोरचं बटण नुसतं टेकवलं की मशीन जागं होतं, आणि म्हणूनच मी मघाशी केबल उपसायला सांगितली. हिरवी वायर म्हणजे चालू होण्याचा निरोप. बोर्डाने ती ग्राउंडला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. आणि राखाडी वायरीतून एसएमपीएस उलट कळवतो की व्होल्टेज स्थिर झालंय, आता कामाला लागा. हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे रंग उपयोगाचे नाहीत, पण जागा त्याच.

पेटीवरचा तक्ता वाचायची सवय लावून घ्या. मोठ्या अक्षरात '४५० वॅट' आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर, असे स्वस्तातले एसएमपीएस बाजारात मिळतात. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे खरा आकडा तो. गिऱ्हाईक प्रोसेसरचं मॉडेल चार जणांना विचारून घेतं आणि एसएमपीएस दुकानदार देईल तो घेतं. माझ्या मते पीसी घेताना आपण सगळ्यात जास्त फसतो ते इथेच.

आता जुडगा धरून पुढे चला. सगळ्यात जाड, २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डाच्या काठावर बसतो. दुसरा छोटा, ४ किंवा ८ पिनांचा, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरजवळ. हा विसरला तर पंखे फिरतात, लाइट लागतात आणि स्क्रीन काळीच राहते. दर वर्षी मुलं मशीन जोडतात तेव्हा एक तरी जोडी याच्यावर अर्धा तास घालवते. मी मुद्दाम सांगत नाही.

त्या छोट्या कनेक्टरशेजारी चौकोनी काळे-राखाडी ठोकळे आणि गोल कपॅसिटरची रांग दिसेल. तिथे १२ व्होल्ट आणखी खाली उतरवले जातात, दोन व्होल्टच्याही खाली, कारण प्रोसेसरला तेवढेच झेपतात. आपला आय३ कमाल ५४ वॅटच्या हिशोबाने बनवलाय. एवढ्या कमी व्होल्टवर ५४ वॅट द्यायचे म्हणजे ३० अँपिअरच्या आसपास करंट हवा. घरातला २००० वॅटचा गिझर ९ अँपिअरसुद्धा घेत नाही. म्हणून प्रोसेसरखालच्या ११५० टोकांपैकी खूपशी माहितीसाठी नसतातच, नुसती वीज आणि ग्राउंड वाहून नेतात. या भागातल्या एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा चिकट दिसलं तर बोर्डाची घटका जवळ आली म्हणून समजा, आणि डेटा आधी बाहेर काढा.

माहितीची वाट

वर्डच्या चिन्हावर डबल क्लिक केलंत, समजा. वर्डचा प्रोग्रॅम हार्डडिस्कवर पडलेला आहे. हार्डडिस्क शोधा: साडेतीन इंची, जड, धातूची वडी. तिला दोन केबल आहेत. रुंद ती एसएमपीएसकडून आलेली साटा पॉवर, अरुंद ७ टोकांची ती साटा डेटा. अरुंद केबल धरून चला, ती मदरबोर्डावर एका छोट्या हीटसिंकजवळ, म्हणजे उष्णता शोषून बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याजवळ, उतरते. त्या हीटसिंकखाली चिपसेट आहे, आपल्या मशीनचा एच८१. हार्डडिस्क, यूएसबी, आवाज, नेटवर्क यांची वर्दळ तो सांभाळतो आणि माल प्रोसेसरकडे पाठवतो.

इथे थांबून हार्डडिस्कचा हिशोब करूया, कारण 'माझा पीसी स्लो झालाय' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा याच वडीत असतं. आत काचेसारख्या चकचकीत तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती तबकडीच्या कुठल्या भागावर आहे ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे सरासरी अर्धी फेरी वाट बघायची, ४ मिलिसेकंद. शिवाय वाचणारा दांडा योग्य रिंगणावर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे इकडे तिकडे विखुरलेल्या लहान फायली वाचायच्या तर सेकंदाला ७५-८० च्या वर जात नाही. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली लागतात. प्रोसेसर बिचारा हात बांधून बसलेला असतो.

हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळ्या चिपा. विखुरलेली वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून कुणी विचारलं की जुन्या पीसीत आधी काय बदलू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. साटाची अडीच इंची एसएसडी घ्या, त्याच दोन केबल तिला लागतात. नव्या बोर्डांवर एम.२ नावाची आडवी खाच असते, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टीसाठी. त्यात बसणारी एनव्हीएमई एसएसडी साटाच्या कित्येक पट वेगाने वाचते, पण एच८१ सारख्या बोर्डावर ती खाच शोधत बसू नका. आणि हो, एम.२ च्या खाचेत बसते म्हणून पट्टी एनव्हीएमईच असेल असं नाही. त्याच आकारात साटाचीही मिळते. बोर्डाचं मॅन्युअल बघून घ्या.

मेलेली हार्डडिस्क मिळाली तर जरूर उघडा. आतलं चुंबक इतकं जोरदार असतं की मुलं ते कपाटाला चिकटवून ठेवतात. चालू हार्डडिस्क मात्र उघडायची नाही. वाचणारं टोक तबकडीपासून नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगतं, धुळीचा एक कण त्याच्यासाठी डोंगर आहे.

डिस्कवरून उचललेला वर्ड जातो रॅममध्ये. प्रोसेसरच्या शेजारी उभ्या खाचा आहेत, दोन्ही टोकांना कान असलेल्या. एच८१ वर त्या दोनच. प्रोसेसर थेट डिस्कवरून काम करत नाही, जे हवं ते आधी इथे मांडून घेतो. आपली पट्टी डीडीआर३-१६००, तिच्यातून सेकंदाला १२.८ जीबी जाऊ शकतात. मघाची हार्डडिस्क सलग वाचतानासुद्धा १००-१५० एमबीच्या आसपास घुटमळते. रॅममध्ये लिहिलेलं टिकवायला ते साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी ताजं करत राहावं लागतं. वीज गेली की सगळं विसरायचं. सेव्ह न केलेलं पत्र लोडशेडिंगमध्ये का जातं, ते यावरून कळेल.

खाचांपासून प्रोसेसरपर्यंत बोर्डावर बारीक रेषा दिसतात, त्यातल्या काही उगाचच नागमोडी वळणं घेतात. उगाच नाहीत त्या. सगळ्या रेषांची लांबी सारखी करायची असते, म्हणजे एका वेळी निघालेले सिग्नल एकाच वेळी पोचतात. मला या बोर्डावर सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

पट्टी काढायची तर दोन्ही कान बाहेर ढकला, ती वर उचलली जाते. सोनेरी टोकांना बोट लावू नका. लावताना मधली खाच जुळवा आणि 'कट्' आवाज येईपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबा. ही खाच डीडीआर३ ची एका जागी आणि डीडीआर४ ची दुसऱ्या जागी असते, टोकंही २४० आणि २८८. व्होल्टेजही वेगळं, १.५ आणि १.२. त्यामुळे बसत नसेल तर जोर लावायचा नसतो, पट्टी चुकीची आहे. दुसरी पट्टी घालायची असेल तर ४ जीबीचीच घ्या. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकदम वाचतो.

आता तो पंखा. खाली हीटसिंक, त्याखाली उष्णता वर पोचवणारी पेस्ट, त्याखाली प्रोसेसर. इंटेलच्या जुन्या पंख्याला चार काळ्या खुंट्या असतात. बाणाच्या दिशेने पाव फेरा दिला आणि वर ओढलं की सुटतात. पण सांगते, कारण नसताना काढू नका. एकदा काढला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, मसुराच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही. प्रोसेसर ज्यात बसतो त्या इंटेलच्या या सॉकेटमध्ये बारीक पिना बोर्डावर असतात आणि प्रोसेसरला नुसत्या चपट्या टिकल्या. सॉकेटमधली एक पिन वाकली तर बोर्ड गेला असंच धरा. एएमडीच्या एएम४ मध्ये उलटं, पिना प्रोसेसरला. तिथे वाळलेल्या पेस्टमुळे पंख्याबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, म्हणून मशीन थोडा वेळ चालवून, गरम करून, मग बंद करायचं आणि पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत काढायचा.

चित्र तयार करणारा भाग आपल्या आय३ च्या पोटातच आहे, म्हणून मॉनिटरची केबल थेट बोर्डाला लागते. सगळ्या प्रोसेसरमध्ये तो नसतो. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर नाही, मग वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. ते सगळ्यात लांब, पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसतं. खाचेतून त्याला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, त्यापेक्षा जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी वायर द्यावी लागते. कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डाला लावून 'डिस्प्ले येत नाही' म्हणणारे फोन मला दिवाळीच्या सुट्टीतही येतात.

राहिली ती रुपयाएवढी गोल बॅटरी, सीआर२०३२, ३ व्होल्ट. मशीनचं घड्याळ आणि बायॉसमधल्या (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम) सेटिंग्ज तिच्यावर चालतात. रोज सकाळी तारीख मागची दिसत असेल आणि बँकेची साइट उघडताना सर्टिफिकेटची कटकट येत असेल, तर ही बदला. जनरल स्टोअरमध्येही मिळते.

वाट तुटली तर

या सगळ्याचा उपयोग मशीन बंद पडल्यावर. आमच्याकडे नियम असा की आधी सगळं काढायचं. हार्डडिस्क, सीडी ड्राइव्ह, यूएसबी, असेल तर कार्ड. एसएमपीएस, बोर्ड, पंख्यासकट प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी, एवढंच ठेवायचं. मुलांना पहिल्यांदा विश्वास बसत नाही, पण हार्डडिस्क नसतानाही स्क्रीनवर अक्षरं येतात आणि बायॉस उघडतं. आलं, तर एवढे भाग चांगले. मग एकेक जोडत जायचं. ज्याच्या पावलाने बिघाड परत येतो तो गुन्हेगार.

काहीच हलत नसेल तर विजेच्या वाटेवर मागून पुढे या. स्पाइक बस्टर, केबल, एसएमपीएसचा खटका. तेही ठीक असेल तर समोरचं बटण. त्याच्या दोन पिनांची वायर बोर्डावरून काढा आणि त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. पिना कोणत्या ते शेजारी छापलेलं असतं, भलत्या जोडू नका. मशीन सुरू झालं तर दोष वीस-तीस रुपयांच्या बटणाचा, आणि तेवढ्यासाठी बोर्ड बदलून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

पंखे फिरतात, टूं टूं वाजतं, स्क्रीन काळी: रॅम काढा, सोनेरी टोकं पांढऱ्या मऊ खोडरबराने पुसा, चुरा झटका, परत बसवा. पावसाळ्यानंतर उघडलेल्या शाळांच्या लॅबमध्ये निम्मी मशीन एवढ्यावर उठतात. 'बूट डिव्हाइस नाही' असा निरोप आला तर प्रोसेसर-रॅमच्या वाटेला जाऊ नका, साटाच्या दोन केबल तपासा. दहा-पंधरा मिनिटं चालून आपोआप बंद होत असेल तर पंख्याखालच्या हीटसिंकमध्ये धुळीची गादी साचली आहे का बघा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका.

आमच्या या आय३ चं पुढे काय, असंही मुलं विचारतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच प्रोसेसर चालतो. हा चौथ्या पिढीतला. एसएसडी आणि दुसरी ४ जीबीची पट्टी घालून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तर पत्रं लिहायला, नेट बघायला आणि टायपिंगच्या सरावाला तो अजून चालतो. नवा प्रोसेसर घ्यायच्या भानगडीत पडू नका. सॉकेट बदललं, म्हणजे बोर्ड बदलला, म्हणजे रॅमही बदलली.

बंद करताना मोबाइलवरचे फोटो समोर ठेवा. २४ पिनांचा, प्रोसेसरजवळचा छोटा, पंख्याची वायर, साटाच्या दोन, समोरच्या बटणांच्या. समोरच्या लाइटच्या वायरी उलट्या लागल्या तर फक्त लाइट लागत नाही, पॉवर बटणाला उलट-सुलट नसतंच. एखादी वायर पंख्याच्या पात्यात तर येत नाही ना, ते बघा. वाटीत स्क्रू उरला असेल तर पत्रा लावू नका. तो बोर्डाखाली घरंगळला असता तर शॉर्ट झाला असता. उरलेला कुठला आहे ते आधी शोधा, मग प्लग लावा.